ट्रेंटन ते प्रिन्स्टन, मराठीतून : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर

काम ठरलं. डेलावेअर नदीवरच्या तरीपासून ट्रेंटनमार्गे प्रिन्स्टनच्या रणमैदानापर्यंतची वाट मराठीतून ऐकता येईल अशी तयार करायची. तेरा थांबे, प्रत्येक थांब्यासाठी तीन-चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण आणि मोठ्या अक्षरातला एक पानी नकाशा. काळ २५ डिसेंबर १७७६ ते ३ जानेवारी १७७७. एवढ्या दहा दिवसांतच इंग्लंडच्या राजाविरुद्धचं अमेरिकन वसाहतींचं बुडत चाललेलं बंड पुन्हा तरंगायला लागलं.

हे कुणासाठी? सहा महिन्यांसाठी मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांसाठी. त्यांना नायगारा दाखवतात, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवतात, मंदिरात नेतात, मग मुलं कामावर जातात आणि ही माणसं खिडकीशी बसून राहतात. आमच्या घरापासून प्रिन्स्टनचं मैदान गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. या भागात मराठी घरं इतकी, की गणपतीत आरतीला उभं राहायला जागा मिळत नाही. तरी त्या मैदानावर मराठी बोलणं मी आजवर दोनदाच ऐकलं.

या इतिहासाचं वेड मला आठवीपासून. साताऱ्यातल्या वाचनालयात वॉशिंग्टनचं एक मराठी चरित्र होतं, शेवटची पानं गेलेलं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तोवर मला अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा पायी दाखवले होते, त्यामुळे इतिहास म्हणजे चढून बघायची गोष्ट हे डोक्यात पक्कं बसलेलं. मग पुस्तकातल्या गावांनाही कधीतरी जायचंच असं ठरवून टाकलं. ते घडायला पुढे वीस वर्षं लागली. आता जेम्सटाउन, प्लिमथ, कॉन्कर्डचा पूल, फिलाडेल्फियाचा इंडिपेन्डन्स हॉल, व्हॅली फोर्ज, यॉर्कटाउन असं सगळं झालंय, काही ठिकाणी तीन-तीन वेळा. आणि घराजवळची ही वाट मात्र मी कायम तुकड्यातुकड्यांत पाहिली. सलग कधी नाही.

आप्पा पुढच्या आठवड्यात येतायत. वय अठ्ठ्याहत्तर, मोजणी खात्यातून निवृत्त. वाटेची चाचणी त्यांच्यावरच.

२१ सप्टेंबर

थांब्यांची यादी पक्की केली. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने सुरुवात: थॉम्सन-नीली घर, त्यामागची सैनिकांची थडगी, मग मॅकॉन्कीची तर. नदी ओलांडून न्यू जर्सीच्या बाजूचं जॉन्सन फेरी हाउस. ट्रेंटनमध्ये स्मारकस्तंभ, ओल्ड बॅरक्स, मिल हिल पार्क. पुढे क्वेकर रोड, स्टोनी ब्रुक ओढ्याजवळचं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं सभाघर, क्लार्क हाउस, मैदान, छत्तीस सैनिकांची समाधी, शेवटी नासॉ हॉल, प्रिन्स्टनच्या कॉलेजची जुनी इमारत.

थडगी आधी घेतली, यावर घरात चर्चा झाली. मुलगा म्हणाला, सुरुवात जोरदार हवी, थडग्यांनी कसली सुरुवात? मला मात्र तीच योग्य वाटते. तिथे कॅप्टन जेम्स मूरची खूण आहे, न्यूयॉर्कच्या तोफखान्यातला. वय २४. मृत्यूची तारीख २५ डिसेंबर १७७६, कारण छावणीतला ताप. म्हणजे सेनापती वॉशिंग्टनचं सैन्य नदीकडे निघालं त्याच दिवशी तो गेला. आजूबाजूला आणखी जण आहेत, त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. नदीपर्यंत पोचलेलं सैन्य कोणत्या अवस्थेत होतं, हे इथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

२८ सप्टेंबर

आज आप्पांबरोबर नदीवर. दोन्ही काठांवर मिळून चार तास.

संहितेतला पहिला अडथळा शब्दांचाच. 'फेरी' म्हटलं की आमच्या माणसांच्या डोळ्यांपुढे गेटवेवरून घारापुरीला जाणारी लाँच येते. आप्पा म्हणाले, "अगं, तर म्हण की. कृष्णेवर तरच असायची, पूल व्हायच्या आधी." बरोबर. तर ठेवली. ड्युरॅम बोटीसाठी 'पडाव' घेतला. कोकणातल्या खाडीत माल वाहणारा पडाव आणि ही बोट यांचं काम एकच. ड्युरॅमच्या लोखंडाच्या भट्टीचा माल फिलाडेल्फियाला नेण्यासाठी या बोटी होत्या, चाळीस ते साठ फूट लांब, आठेक फूट रुंद, सपाट तळाच्या, लांब वाशांनी रेटायच्या. माणसं त्यातून उभ्याने गेली. घोडे आणि अठरा तोफा तरीच्या सपाट तराफ्यांवरून.

२५ डिसेंबरच्या रात्रीचा क्रम लिहून काढला. बेत असा, की मध्यरात्रीपर्यंत सगळे पलीकडे आणि पहाटे पाचला ट्रेंटनवर हल्ला. प्रत्यक्षात ईशान्येचं वादळ उठलं, पाण्यात बर्फाचे तुकडे, वरून गारा आणि हिमवर्षाव. शेवटची तोफ उतरेपर्यंत तीन वाजले, कूच चारला. खाली आणखी दोन ठिकाणांहून दोन तुकड्या यायच्या होत्या. त्यांना बर्फाने जमलंच नाही. म्हणजे तीन मुठींपैकी एकच पोचली, सुमारे २,४०० माणसांची. नावा रेटणारे मार्बलहेडचे कोळी आणि खलाशी, कर्नल जॉन ग्लोव्हरच्या पलटणीतले. या पलटणीत कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी जमातींतली माणसंही होती. हे वाक्य संहितेत ठळक करायचं. काठावर उभा राहून मोठ्या आवाजात हुकूम पोचवणारा हेन्री नॉक्स हा मूळचा बॉस्टनचा पुस्तकविक्रेता, तोफांचं शास्त्र दुकानातल्या पुस्तकांवरून शिकलेला. तो माझा सर्वांत आवडता माणूस, पण त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त देता येत नाही.

नावेत उभा वॉशिंग्टन, मागे झेंडा, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लॉयट्झने ते १८५१ मध्ये रंगवलं, तेही जर्मनीत. त्यातला तारे-पट्ट्यांचा झेंडा तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो जून १७७७ मध्ये ठरला. आणि चित्रात उजाडताना दिसतं, इथे काळोख होता. हे सांगावं, पण चित्राला हिणवून नाही. ते चित्र पाहूनच कितीतरी माणसं या काठावर येतात.

आप्पा पाण्याकडे बघत बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "ह्यांच्या पायात काय होतं?" अनेकांच्या पायात धड काही नव्हतं. चिंध्या गुंडाळलेल्या. पुढची चाल नऊ मैलांची, आणि त्या चालीत दोन जण गारठून मेले. प्रत्यक्ष लढाईत अमेरिकनांचे एवढेही जण मेले नाहीत.

५ ऑक्टोबर

ट्रेंटन. ओल्ड बॅरक्स १७५८ मधली, आधीच्या फ्रेंचांशी झालेल्या युद्धात इंग्रज शिपायांसाठी बांधलेली. दगडी, यू आकाराची.

आजचा सगळा वेळ एका शब्दाने खाल्ला: हेशियन. ट्रेंटनमध्ये कर्नल योहान राल याच्या हाताखाली तीन जर्मन पलटणी होत्या, सुमारे १,५०० माणसं. मराठी पुस्तकांत यांना सर्रास 'भाडोत्री सैनिक' लिहितात. पहिल्या मसुद्यात मीही तेच लिहिलं होतं. पण भाडोत्री म्हणजे पैशासाठी स्वतः तलवार विकणारा. या पोरांनी काही विकलं नव्हतं. हेस-कासल या जर्मन संस्थानाच्या राजाने इंग्लंडच्या राजाशी करार केला, मोबदला हेसच्या राजाच्या खजिन्यात गेला आणि समुद्रापार जायचा हुकूम यांच्या वाट्याला आला. युद्धभरात असे सुमारे ३०,००० जर्मन सैनिक इथे आणले गेले. 'गाडदी' हा शब्द एकदा मनात आला, पण तो वापरला तर ऐकणाऱ्याला शनिवारवाडा आणि नारायणराव पेशव्यांचा खून आठवणार, आणि या बिचाऱ्यांवर नसतं पाप चढणार. शेवटी लिहिलं: 'त्यांच्या राजाने भाड्याने दिलेल्या पलटणी'. लांब आहे, पण खरं आहे.

दुसरी दुरुस्ती याहून मोठी. नाताळची दारू पिऊन ते झिंगले होते म्हणून हरले, ही गोष्ट मी तीस वर्षं लोकांना सांगत आले. ती खरी नाही. आसपासच्या गावांतल्या मिलिशियाने, म्हणजे हत्यारबंद गावकऱ्यांनी, त्यांना आठवडाभर झोपू दिलं नव्हतं. आज या चौकीवर गोळ्या, उद्या त्या वाटेवर दबा. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी, पट्टे न सोडता झोपत होती. ती दमलेली होती. वादळामुळे आज कुणी येणार नाही असं वाटलं, आणि सकाळी आठला तोफा सुरू झाल्या. पाऊण-एक तासात सगळं संपलं. २२ हेशियन मेले, नऊशेच्या आसपास कैद झाले, राल स्वतः जखमी होऊन गेला. जखमी अमेरिकनांत अठरा वर्षांचा लेफ्टनंट जेम्स मन्रो होता, पुढे देशाचा पाचवा अध्यक्ष. रक्तवाहिनी तुटली होती, एका डॉक्टरने वेळीच दाबून धरली म्हणून जगला.

दारूची गोष्ट मी ज्यांना सांगितली, त्यांतल्या सहा-सात जणांना आज फोन करून दुरुस्ती कळवली.

१२ ऑक्टोबर

नदीकाठचं ध्वनिमुद्रण वाऱ्याने वाया गेलं. पुन्हा घरात करणार, पाण्याचा आवाज वेगळा जोडणार.

१९ ऑक्टोबर

घरीच काम, थांबा ४ ची संहिता. आप्पा जेवणाच्या टेबलावर बसून एकेक कागद वाचत होते. वॉशिंग्टन १७४९ मध्ये, सतराव्या वर्षी, व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीचा सर्व्हेअर झाला, एवढं वाक्य आलं आणि चष्मा वर गेला.

"मोजणीदार होता?"

मग तासभर माझं काम बाजूला. त्यांची साखळी किती फुटी? गुंटरची, ६६ फूट, शंभर कड्या. आपली शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. म्हणजे बरोबर निम्मी. आप्पांनी कागदाच्या कोपऱ्यात मांडलं: ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, झाला गुंठा. चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६०, झाला एकर. गुंटरच्या दहा चौरस साखळ्यांचाही तोच एकर. "एकाच मापाची दोन पोरं," म्हणाले. लहानपणी उन्हात बांधावर साखळीचं दुसरं टोक धरून मी उभी राहायची, ते त्यांनी माझ्याआधी बोलून दाखवलं.

यातून कामाचंही काही हाती लागलं. मोजणी केलेला माणूस जमीन कशी बघतो, हे आप्पा सांगू लागले: ओढा कुठे उतार घेतो, कुठला रस्ता पावसानंतर चालतो, कुठल्या बांधामागे माणूस दिसत नाही. ट्रेंटनला दोन वाटांनी एकदम येणं आणि आठवड्याने मागच्या रस्त्याने प्रिन्स्टनला निसटणं, ही दोन्ही कामं जमिनीचा असा अंदाज असल्याशिवाय होत नाहीत. थांबा ४ आप्पांच्याच आवाजात करायचा ठरवलं. नाही म्हणाले. मग दाढी करून बसले.

२ नोव्हेंबर

दगडांचा शोध. ट्रेंटनहून प्रिन्स्टनला सैन्य ज्या आडवाटेने गेलं, तिच्यावर १९१४ मध्ये सन्स ऑफ द रेव्होल्यूशन या संस्थेने बारा दगडी खुणा रोवल्या. टोकदार, माणसाच्या उंचीहून कमी, रस्त्याकडेला. पलीकडून गाड्या सुसाट जातात आणि कुणाचं लक्ष जात नाही. मी बारा वर्षं त्यातल्या एकाजवळून कामाला जात होते आणि त्याला सर्व्हेचा दगड समजत होते. आज तीन फेऱ्यांत मिळून नऊ सापडले. आप्पांनी प्रत्येकाची कोणती बाजू रस्त्याकडे, कोणती झिजली, हे वहीत टिपलं.

क्वेकर रोडवर पाणी होतं. पाऊस झाला की स्टोनी ब्रुक त्या रस्त्यावर येतो. नकाशावर सूचना घालायची.

आता २ जानेवारीची रात्र, सगळ्या वाटेतला मला सर्वांत प्रिय भाग. ट्रेंटनच्या विजयानंतर वॉशिंग्टन कैदी घेऊन नदीपार परत गेला होता. पण ३१ डिसेंबरला बहुतेक शिपायांचे करार संपणार होते. सगळं सैन्य घरी निघालं असतं. १८ डिसेंबरलाच त्याने भावाला लिहिलं होतं की डाव जवळजवळ आटोपला. तो पुन्हा ट्रेंटनला आला, पलटणीपुढे उभा राहून आणखी सहा आठवडे थांबण्यासाठी दहा डॉलर देऊ केले. ढोल वाजला. कुणी पुढे आलं नाही. त्याने घोडा वळवला, परत आला, पुन्हा बोलला. तेव्हा एकेक माणूस पुढे सरकू लागला. आप्पा म्हणाले, आपल्याकडे दसऱ्याला स्वारीवर निघायचे आणि मृगाला पेरणीसाठी परतायचे, शेतकरी शिपायाला थांबवणं कुठल्याही सरदाराला सोपं नसतं.

२ तारखेला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस मोठी फौज घेऊन प्रिन्स्टनकडून आला. रस्त्यात चिखल, वाटेत एडवर्ड हँडच्या अमेरिकन बंदूकधाऱ्यांनी दिवसभर अडवलं, ट्रेंटनला पोचेतो अंधार पडत आला. असनपिंक ओढ्याच्या पुलावर, आज मिल हिल पार्क आहे तिथे, तीनदा चढाई, तीनदा माघार. कॉर्नवॉलिसने उरलेलं काम सकाळवर टाकलं. रात्री गारठा उतरला, चिखल दगडासारखा गोठला. पलीकडच्या अमेरिकन छावणीत शेकोट्या धडधडत होत्या, खणण्याचे आवाज येत होते. ते आवाज मागे ठेवलेल्या काही शे माणसांचे. बाकी सैन्य तोफांच्या चाकांना चिंध्या बांधून या क्वेकर रोडच्या दिशेने केव्हाच निघून गेलं होतं.

९ नोव्हेंबर

प्रिन्स्टनचं मैदान. क्लार्क हाउसच्या ओसरीवरून समोरचा सगळा उतार दिसतो. ३ जानेवारीची लढाई तासाभराची सुद्धा नाही. जनरल ह्यू मर्सर हा स्कॉटलंडचा डॉक्टर, तरुणपणी १७४६ च्या कलोडनच्या लढाईत हरलेल्या बाजूने होता, तिथून पळून या देशात आला. इथे त्याला संगिनींनी भोसकलं, आणि नऊ दिवसांनी तो या क्लार्क हाउसमध्ये गेला. आमच्या सगळ्यांच्या पत्त्यात त्याचं नाव आहे: मर्सर काउंटी. हे वाक्य पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे लाइटच्या बिलावर असतो तोच?" तोच. थांब्याची सुरुवात आता बिलापासूनच.

ज्या ओकखाली तो टेकला असं सांगतात, तो मर्सर ओक मार्च २००० मध्ये पडला. तो मी पाहिला होता, इथे आले त्याच वर्षी, टेकू लावलेला. आता त्याच्याच फळापासून वाढवलेलं झाड त्या जागी आहे.

मर्सर पडल्यावर माणसं मागे फिरली, आणि वॉशिंग्टन घोड्यावरून दोन फळ्यांच्या मधे आला. इंग्रज शिपायांपासून तीसेक यार्डांवर. दोन्हीकडून एकदम गोळीबार झाला. त्याचा सहायक फिट्झजेराल्ड याने टोपी डोळ्यांवर ओढली. धूर निवळला तेव्हा वॉशिंग्टन घोड्यावरच होता. आप्पांनी ते अंतर पावलांनी मोजलं, मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "इथून तुझ्या कानातलं दिसतंय मला."

१६ नोव्हेंबर

आज वाद झाला, आणि तो नोंदवून ठेवते.

नासॉ हॉलशेजारी मॅक्लीन हाउस आहे, कॉलेजच्या अध्यक्षांचं जुनं निवासस्थान. अध्यक्ष सॅम्युएल फिन्ली १७६६ मध्ये वारले, आणि त्यांच्या मालमत्तेच्या विक्रीच्या जाहिरातीत दोन स्त्रिया, एक पुरुष आणि तीन मुलं होती. सामानाबरोबर, गुराढोरांबरोबर. कॉलेजच्या पहिल्या नऊही अध्यक्षांनी आयुष्यात कधी ना कधी गुलाम ठेवले. त्यांतला सहावा, जॉन विदरस्पून, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. वॉशिंग्टनबरोबर युद्धभर सावलीसारखा वावरणारा विल्यम ली हाही त्याचा गुलामच, सुटला तो १७९९ मध्ये, धन्याच्या मृत्युपत्राने. न्यू जर्सीत गुलामी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा १८०४ मध्ये आला, आणि तोही त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर जन्मलेल्या मुलांपुरता, पंचवीस किंवा एकवीस वर्षं राबल्यानंतर.

मसुदा वाचणाऱ्या एका परिचितांचं म्हणणं, पाहुण्या माणसांना आनंदाने दाखवायच्या जागेत हे कशाला? मी ते काढणार नाही. या काळावर माझं चाळीस वर्षं प्रेम आहे, आणि ज्यावर प्रेम आहे त्याचा हिशेब अर्धा लिहायला मला जमत नाही. त्या सहा माणसांपैकी कुणाचंही नाव जाहिरातीत नाही. तेरावा थांबा नासॉ हॉलऐवजी मॅक्लीन हाउसच्या दारात सुरू होईल, तिथून चार पावलांवर नासॉ हॉल. १७८३ मध्ये अमेरिकेची काँग्रेस तिथे चार महिने बसली, भिंतीवर तोफगोळ्याची खूण आहे, तेही सगळं येईल. त्यानंतर.

आप्पा दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "जाहिरातीतल्या मुलांची वयं दिली असती तर बरं झालं असतं." मलाही ती हवी होती.

३० नोव्हेंबर

कॉर्नवॉलिसची जोडणी. ही खरी आहे म्हणूनच घेतली.

असनपिंकवर ज्याच्या हातून शिकार सुटली आणि यॉर्कटाउनला १९ ऑक्टोबर १७८१ रोजी ज्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली, तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. शरणागतीने त्याची कारकीर्द संपली नाही. टिपूवरच्या मोहिमेत तो मराठ्यांचा दोस्त होता. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणपर्यंत जाऊन दाणागोटा संपला, बैल मेले, स्वतःच्याच मोठ्या तोफा फोडून त्याला मागे फिरावं लागलं. उपाशी फौज परतत असताना समोरून आले ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. मराठ्यांच्या छावणीचा बाजार भरलेला होता, आणि इंग्रज फौज त्यावर जगली. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे.

आप्पांना वेगळीच गोष्ट सापडली. बंगालचा कायमधारा, १७९३ चा, याच माणसाचा. "आपल्याकडं रयतवारी, म्हणून तर मला नोकरी मिळाली," म्हणाले. शेतागणिक मोजणी, खातेदारागणिक आकार. जमीनदारी असती तर साताऱ्यात एवढे मोजणीदार लागले नसते.

मिल हिल पार्कच्या थांब्याला यासाठी पूर्ण एक मिनिट वाढवलं.

१४ डिसेंबर

सहा ज्येष्ठांना पूर्ण संहिता ऐकवली, आमच्या बैठकीच्या खोलीत, चहा-चिवड्यासह. दोन तास.

सर्वांचं एकमुखी मत: याला सरळ 'गनिमी कावा' म्हणा, सगळ्यांना लगेच कळेल. शेकोट्यांची गोष्ट ऐकताच तीन जणांनी एकदम कात्रजचा घाट सांगितला. शाहिस्तेखानाच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला भलतीकडे नेल्याची कथा. मला ती आप्पांनीच सांगितलेली, अजिंक्यताऱ्याच्या दरवाज्यात बसून. खरं तर याच कथेमुळे आठवीत ते फाटकं चरित्र मी खाली ठेवू शकले नव्हते.

तरीही शब्द घेतला नाही. गनिमी कावा म्हणताच ऐकणारा सह्याद्रीत जातो. तिथे त्याला सगळं ओळखीचं असतं, आणि समोरचा हा सपाट, गोठलेला, परका मुलूख दिसेनासा होतो. शिवाय पलित्यांची कथा ही आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा आहे, शेकोट्यांना त्या रात्री तिथे असलेल्या माणसांच्या लेखी आठवणी आहेत. दोन्हींना एका पारड्यात घालणं शिवरायांवरही अन्याय आणि या माणसांवरही. ठरवलं ते असं: थांबा ७ मध्ये आप्पा स्वतःच्या आवाजात म्हणतील, "हे ऐकून मला कात्रजच्या घाटाची गोष्ट आठवली." बस, एक आठवण म्हणून. पुढच्या वाक्याला पुन्हा ट्रेंटन.

आणखी सूचना: आवाज सावकाश, मैलांबरोबर किलोमीटर, स्वच्छतागृह कुठे हे नकाशावर. तिन्ही केल्या.

२६ डिसेंबर

सकाळी पावणेआठला ट्रेंटनच्या स्मारकस्तंभापाशी. उणे चार. १८९३ चा हा स्तंभ जिथे आहे तिथेच तोफा लावल्या होत्या, कारण किंग आणि क्वीन हे दोन्ही रस्ते इथून खाली सरळ दिसतात. आज त्यांची नावं वॉरन आणि ब्रॉड. शहर सुट्टीतून उठलेलं नव्हतं. एक बस गेली, तिच्यात एकटा चालक.

थांबा ५ जागेवर ऐकला. इतका वेळ खोलीत बसून 'रस्त्याच्या तोंडाशी' असं लिहिलं होतं. इथे कळलं की 'माथ्याशी' हवं, उतार चांगलाच आहे. पुन्हा मुद्रित करायचं.

३ जानेवारी

पहिली फेरी. चार ज्येष्ठ, आप्पा आणि मी. सकाळी उशिराने निघालो, क्वेकर रोड उघडा होता. राहिलेल्या तीनपैकी दोन दगड मधल्या आठवड्यांत सापडलेत. बारावा अजून नाही.

सगळ्यांनी कानात यंत्रं घातली आणि क्लार्क हाउसपासून पांगले. मी मागे राहिले. गवतावर पातळ बर्फ होता, प्रत्येकाची पावलं वेगळी दिसत होती. आप्पा ओकच्या दिशेने मोजत गेले, मधेच थांबले, परत मोजलं.

मैदानावरच्या स्तंभांच्या मागे जिथे २१ इंग्रज आणि १५ अमेरिकन सैनिक एकत्र पुरले आहेत, तिथे शेजारच्या काकूंनी पिशवीतून शेवंती काढली. घरून आणली होती, मला सांगितलंही नव्हतं. विचारलं, "आपले कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, वेगळे नाहीत, सगळे एकत्रच आहेत. त्यांनी थोडा विचार केला आणि फुलं मधोमध ठेवली.

दुरुस्त्या, आजच्या:

थांबा ९, क्वेकर सभाघर: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा रिचर्ड स्टॉक्टन इथल्या दफनभूमीत आहे हे सांगितलंय, पण थडग्यावर खूण नाही हे राहिलं. माणसं शोधत बसली. जोडायचं.

थांबा ११: वारा फार, आवाज वाढवायचा.

थांबा १२: 'शत्रूचे २१ सैनिक' मधला 'शत्रूचे' काढला. 'इंग्रजांचे' केलं.